कोलाची दुसरी सकाळ

कर्नाटकच्या किनाऱ्याशी आपली, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांची, ओळख तशी जुनी आहे. गोकर्णाला आपण पितरांच्या कार्यासाठी जातो. उडुपी-कोल्लूरच्या सहली आपल्या शाळांतून निघतात. आजोबांनी बांधलेल्या घरावर मंगळुरी कौले असतात. उत्तर कन्नडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली, त्यांचे खेळ पाहून सांगलीकर राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले, हे तर आपण वर्गात शिकवतोच. मराठी नाटकाच्या जन्मकथेतच हा किनारा आहे. आणि तरीही त्या किनाऱ्यावरचा माणूस सकाळी उठून कुणाच्या शेतात राबतो, संध्याकाळी काय खातो, कुणाला भितो, हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. आपली ओळख देवळाशी आहे, समुद्राशी आहे, हॉटेलातल्या डोशाशी आहे. माणसाशी नाही.

२०२२ साली 'कांतारा' हा चित्रपट आला आणि ही ओळख थोडी सरकली. कुंदापूरकडच्या बोलीत बोलणारी माणसे, कोवळ्या झावळ्यांचा घेर नेसून, तोंडाला पिवळा रंग लावून नाचणारे दैव आणि ती आरोळी! आमच्या भागातली मराठी घरेही हा चित्रपट पाहून आली. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीतली मुले मैदानावर ती आरोळी ठोकू लागली. त्यांना मी रागावलो नाही. मुले जे पाहतात ते करतात. पण त्या मुलांना, आणि त्यांच्या पालकांनाही, एक गोष्ट सांगावी असे तेव्हापासून मनात आहे. ज्या दैवाची ती आरोळी, तेच दैव त्याआधी एकोणनव्वद वर्षांपूर्वी एका लहानशा कन्नड कादंबरीत येऊन गेले आहे. तेथे ते आरोळी मारत नाही. एका गरीब माणसाला ते फक्त वाटेतून परत फिरवते. ती कादंबरी म्हणजे शिवराम कारंतांची 'चोमन दुडी'. साल १९३३.

या दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी दैवाविषयी. मराठीत भूत म्हटले की पिंपळावरचा मुंजा डोळ्यांपुढे येतो. तुळुनाडूत भूत किंवा दैव म्हणजे गावाचा, शेताचा, घराण्याचा राखणदार. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्याकडे राखणदार आहे, देवचार आहे, तरंगे निघतात, अवसर येतो. पंजुर्ली हे तसलेच एक दैव, वराहरूपी. तुळूत पंजी म्हणजे डुक्कर. शेताची नासधूस करणारे जनावरच शेताचे राखणदार झाले, यात शेतकऱ्याचे सारे शहाणपण आले. या दैवांचा वार्षिक उत्सव म्हणजे कोल किंवा नेम. रात्रभर पाड्दन नावाची कथागीते गायली जातात, पायात गग्गर वाजतात, अंगात आलेले दैव 'नुडी' म्हणजे शब्द देते, तंटे मिटवते. मे महिन्याच्या अखेरीस पत्तनाजे झाले की पावसाळ्यापुरते हे सारे थांबते आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होते. म्हणजे आपण हा अंक हातात घेऊन बसलो आहोत त्याच दिवसांत तिकडे कोलाचा नवा हंगाम उघडतो आहे.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. कोल करवतात ती गावातली जमीनदार घराणी, ज्यांच्या मोठ्या घरांना गुत्तु म्हणतात. आणि अंगावर दैव घेतात ते परव, पंबद, नलिके या जातींचे लोक, गावाने ज्यांना शतकानुशतके दूर ठेवले ते. त्या एका रात्री गुत्तूचा धनी या माणसापुढे हात जोडून उभा राहतो आणि ऐकून घेतो. उजाडल्यावर रंग पुसला जातो. मग काय? या प्रश्नाला 'कांतारा' आणि 'चोमन दुडी' यांनी दिलेली उत्तरे अगदी वेगळी आहेत.

'कांतारा'ची कथा वाचकांना ठाऊक असेल. १८४७ साली एक राजा मनःशांती मिळावी म्हणून पंजुर्लीची शिळा घरी नेतो आणि तिच्या बदल्यात रानातल्या लोकांना जमीन देतो. पुढे त्याच्या वंशजांना ती जमीन परत हवी असते. १९९० साली एकीकडे गोडबोल्या जमीनदार आणि दुसरीकडे राखीव रानाच्या हद्दी आखणारे वनखाते, अशा कात्रीत गाव सापडते. जमीनदार कोल करणाऱ्या गुरुवाला सांगतो, दैवाच्या तोंडून माझ्यासाठी जमीन माग. गुरुवा खोटे बोलायला नकार देतो आणि मारला जातो. शेवटी नायकाच्या अंगात गुळिग संचारतो, जमीनदाराचा निकाल लागतो आणि पंजुर्ली वनअधिकारी व गावकरी यांचे हात एकमेकांच्या हातात देऊन रानात नाहीशी होते.

चित्रपट म्हणून याचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. कुंदापूरची बोली तो विनोदापुरती वापरत नाही, साऱ्या कथेचा भार तिच्यावर टाकतो. आपल्याकडे १९८० मध्ये व्यावसायिक रंगमंचावर आलेल्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला जो मान मिळवून दिला, त्याची येथे आठवण होते. शेवटची पंधरा-वीस मिनिटे ऋषभ शेट्टी यांचा अभिनय पाहताना अंगावर काटा येतो. त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे चित्रपटाचा विषय देव नाही, जमीन आहे, हे दिग्दर्शकाने कोठेही विसरू दिलेले नाही. ज्यांना त्यात फक्त नाच दिसला त्यांनी अर्धाच चित्रपट पाहिला.

आता 'चोमन दुडी'कडे वळू. कारंतांचा जन्म १९०२ सालचा, उडुपीजवळच्या कोट गावचा. ही कादंबरी लिहिली तेव्हा ते तिशीत होते. पुढे 'मूकज्जिय कनसुगळु'साठी ज्ञानपीठ मिळाले, यक्षगानावरील ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणीबाणीच्या निषेधार्थ त्यांनी पद्मभूषण परत केले, कैगा अणुप्रकल्पाला विरोध म्हणून १९८९ मध्ये उत्तर कन्नडातून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते पडले. १९९७ मध्ये ते गेले. ज्याने पुढे यक्षगानाच्या वेशभूषेपासून तालापर्यंत सारे अभ्यासले, त्या लेखकाने आपल्या या कादंबरीत मात्र झगमगाट मुळीच आणलेला नाही. चोमाच्या हातात आहे ती एक दुडी, लहानसा ढोल. बस्स.

चोमा हा अस्पृश्य होलेया जातीचा, संकप्पय्याच्या जमिनीशी जन्माने बांधलेला गडी. रानात भटकत आलेली बैलजोडी त्याने वाढवली आहे. त्याची इच्छा एकच: थोडीशी जमीन आपली म्हणून नांगरावी. आपल्या शेतकरी वाचकांना ही इच्छा किती साधी ते सांगायला नको. पण त्याच्या जातीच्या माणसाने स्वतःसाठी शेत करणे गावाच्या रूढीत बसत नाही. संकप्पय्या मनाने दुष्ट नाही, थोडा द्रवतोही. पण घर आणि गाव यांच्यापुढे त्याचे मन टिकत नाही. कारंतांनी येथे खलनायक ठेवला नाही, हे फार महत्त्वाचे. 'कांतारा'तला जमीनदार मेला की गावाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. येथे मारायचे कुणाला? भल्या माणसाला?

मग डोक्यावर कॉफीमळ्याचे कर्ज. ते फेडायला मुले घाटावर जातात. चनिया मळ्यातला ताप घेऊन परत येतो आणि मरतो. गुरुवा एका ख्रिस्ती मुलीवर जीव जडून तिकडचाच होतो. शेवटी मुलगी बेळ्ळी मळ्यावर जाते. मळ्याचा कारकून मन्वेल कर्जाचा आकडा खोडतो, पण त्याची किंमत बेळ्ळीकडून वसूल होते. धाकटा नील पाण्यात बुडतो. काठावर माणसे असतात, पण त्याला शिवणार कोण? तो प्रसंग कारंतांनी आवाज न चढवता लिहिला आहे, म्हणून तो विसरता येत नाही.

याच प्रवासात पंजुर्लीची गाठ पडते. धर्म बदलला तर जमीन मिळेल, अशी वाट चोमापुढे उघडते. तो त्या वाटेने निघतोसुद्धा. पण पंजुर्ली त्याच्या मनातून हलत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे दैव सोडायचे, या विचाराने तो मागे फिरतो. ज्या दैवाने त्याला कधी वीतभर जमीन दिली नाही, त्याच दैवासाठी तो जमीन सोडतो.

'कांतारा'त पंजुर्ली म्हणजे जमिनीचा सातबारा. 'चोमन दुडी'त पंजुर्ली म्हणजे त्याच जमिनीभोवतीचे कुंपण. दैव एक, मुलूख एक, प्रश्नही एकच. मग खरे कोणते?

माझ्या मते दोन्ही खरी आहेत, पण वेगवेगळ्या वेळेची. चित्रपट कोलाच्या रात्रीचे सत्य सांगतो. त्या रात्री शेवटच्या माणसाच्या तोंडून न्याय बोलतो आणि धनी ऐकतो. हे खोटे नाही. तुळुनाडूच्या पाड्दनांतून अन्यायाने मेलेली माणसे दैव होऊन परत आलेली दिसतात, ती काही उगाच नाही. कादंबरी मात्र कोलाच्या दुसऱ्या सकाळचे सत्य सांगते. त्या सकाळी कर्जाचा आकडा तेवढाच असतो, चुलीवरच्या पेजेची काळजी बेळ्ळीलाच असते आणि बैल दारात बांधलेले असले तरी नांगरायला शेत नसते. संस्कृती म्हणून आपण जे मिरवतो ते बहुधा रात्रीचे असते. माणसे जगतात ती दुसऱ्या सकाळपासून पुढच्या कोलापर्यंत.

इतिहासानेही कादंबरीचीच बाजू पुष्कळ अंशी खरी ठरवली. देवराज अर्स यांच्या काळात कर्नाटकाचा सुधारलेला जमीन कायदा १ मार्च १९७४ पासून अमलात आला आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांत कुळांना मोठ्या प्रमाणावर जमिनी मिळाल्या. गुत्तुघरांचे वैभव त्यानंतर ओसरले. पण कायदा होता कुळासाठी. चोमा कूळ कुठे होता? त्याच्या नावे खंड नव्हता, पावती नव्हती. तो नुसता गडी होता. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. त्याने गडी सुटला, पण सुटलेल्या हाताला जमीन मिळतेच असे नाही. आपल्याकडे मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा बेळगाव-कारवारलाही लागू होता. कूळ आणि गडी यांतला फरक त्या वेळी ज्यांच्या घरात अनुभवला गेला, त्यांना चोमा परका वाटणार नाही.

कादंबरीला माझे आक्षेपही आहेत, ते झाकून ठेवू नयेत. चोमा फार एकटा आहे. त्याच्या जातीची, त्याच्यासारखीच बांधलेली आणखी माणसे असतीलच. पण ती एकत्र बसून बोलताना फारशी दिसत नाहीत. दारिद्र्य कारंतांनी जवळून पाहिले होते, पण पाहणारा शेवटी ब्राह्मण घरातला, बाहेरचा होता. करुणा आहे, त्या माणसांचा आपसातला राग, थट्टा, मसलत कमी आहे. पुढे सत्तरच्या दशकात देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या हे स्वतःच त्या वस्तीतून लिहू लागले तेव्हा कन्नडमध्ये तो आवाज आला. मराठीत बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. तो वाचलेल्या माणसाला चोमा जरा जास्तच सोशिक वाटतो.

दुसरा आक्षेप गुरुवाविषयी. तो गेला आणि लेखकाने जणू दार लावून घेतले. मराठी वाचक येथे थांबल्याशिवाय राहणार नाही. कादंबरी आली १९३३ साली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पुरी केली. हा इतिहास ज्याच्या घरातून गेला आहे तो विचारणारच, की चोमा मागे फिरला ते ठीक, पण पुढे गेलेल्या गुरुवाचे काय झाले? त्याच्या अंगणात पेरणी झाली का? त्याला पाणी भरू दिले का? कारंतांच्या लेखी ती बापाने गमावलेल्या मुलाची गोष्ट राहिली. मुलाने काय मिळवले ती गोष्ट लिहायची राहूनच गेली. 'कांतारा'तही गुरुवा नावाचाच माणूस मध्येच नाहीसा होतो, हा योगायोग मात्र चटका लावून जातो.

तरीही शेवटी मी कादंबरीलाच झुकते माप देईन. त्याचे कारण तिचा शेवट. सारे गेल्यावर चोमा बैल जुंपतो, नांगर धरतो, मग त्यांना रानात हाकलून देतो, दार लावतो आणि दुडी वाजवत राहतो. ढोल थांबतो तेव्हा चोमा नसतो. कुठलेही दैव अंगात येत नाही. येथे दुडी ही कला नाही, वारसा नाही, आनंदाचे साधन तर नाहीच. नांगर धरू न दिलेल्या हाताला उरलेले ते एकच काम आहे. उद्या एखाद्या संग्रहालयात काचेच्या पेटीत दुडी ठेवून खाली 'दक्षिण कन्नडचे लोकवाद्य' अशी चिठ्ठी लावली जाईल, आणि ती चिठ्ठी खरीच असेल. पण ते वाद्य का वाजत होते, हे त्या चिठ्ठीत मावणार नाही. ते सांगण्यासाठीच कादंबरी लागते.

१९७५ साली ब. व. कारंतांनी या कादंबरीवर चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चोमा झालेल्या वासुदेव राव यांना अभिनयाचा. म्हणजे पंजुर्लीच्या मुलखातल्या दोन नायकांना देशाने एकाच मानाने गौरवले. एकाला हजारो चित्रपटगृहे मिळाली, दुसऱ्याचे नाव आजच्या मुलांच्या कानावर नाही. दोष चित्रपटाचा नाही. दुसऱ्या सकाळीची गोष्ट रात्रीच्या गोष्टीइतकी कधीच चालत नाही.

पण रात्रीच्या गोष्टीचाही काही उपयोग झाला, हे सांगितले पाहिजे. 'कांतारा' गाजत असतानाच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कर्नाटक सरकारने साठी ओलांडलेल्या दैवनर्तकांना दरमहा २,००० रुपये देण्याची घोषणा केली. उभे आयुष्य रात्री जागवलेल्या माणसाच्या दुसऱ्या सकाळची एवढी तरी दखल घेतली गेली. उलट, २०२५ मध्ये याच कथेचा आधीचा भाग पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षक दैवाचे सोंग घेऊन चित्रपटगृहांत नाचू लागले आणि तसे करू नका अशी विनंती निर्मात्यांनाच करावी लागली. वारशाचा तमाशा व्हायला वेळ लागत नाही, तो असा.

आता आपल्याविषयी. आपल्या भागातली मराठी मुले शाळेत कन्नड शिकतात. परीक्षेपुरती शिकतात, गुण मिळवतात आणि पुस्तक मिटतात. मराठी आपली माय आहे, तिच्यासाठी आपण काय केले आणि काय सोसले ते येथे सांगण्याची गरज नाही. पण शेजारणीच्या घरात काय शिजते, कोण उपाशी निजते, हे ठाऊक असण्याने आईचे प्रेम कमी होत नाही. दोन भाषा येणाऱ्या माणसाला एकाच भाषेचे दुःख कळावे, हे दोन भाषा येण्याचे सार्थक नव्हे. 'चोमन दुडी' लहान पुस्तक आहे. नववी-दहावीच्या कन्नडावर, थोडे अडखळत, घरातल्या जाणत्या माणसाची मदत घेत, ते वाचून होते. दिवाळीच्या सुट्टीत रोज थोडे वाचले तरी शाळा उघडण्याआधी संपेल.

मुलांनी चित्रपट पुन्हा पाहावा, जरूर पाहावा. त्यानंतर हे पुस्तक त्यांच्या हातात द्यावे आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: कोल संपले, दिवे विझले, उजाडले, तेव्हा शेतात नांगर कुणाचा होता? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत देता येईल, मग ते मराठीत दिले काय नि कन्नडात दिले काय, त्याला मी पूर्ण गुण देईन.